‘तुला काय, तू एकटा!’

थंडीत पोलीस कॅम्पातल्या कुटुंबांची सहल काढायची ठरली की गोंदिया-तिरोड्याकडे बोदलकसाचं नाव निघतंच. नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातला १९१७ सालचा जलाशय, चहूबाजूंनी डोंगर आणि झाडी, हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी, पर्यटन महामंडळाचं निवासस्थान. गाडी ठरते, भांडी चढतात, वहिनी आणि पोरं जागा धरतात. मग कुणीतरी विचारतं, त्या दिवशी गार्डावर कोण? उत्तर बहुतेक वेळा विचार न करताच दिलं जातं: “बॅचलर पोरं आहेत ना!”

पोरं काही बोलत नाहीत. एक रविवार गेला तर काय बिघडलं? पण हाच जवान दिवाळीच्या रात्री पहाऱ्यावर असतो, दहावीच्या परीक्षेमुळे सुट्टीवर गेलेल्या हवालदाराची नाइट करतो, आणि कुणाच्या मुलीला ताप आला म्हणून आपली साप्ताहिक सुट्टी सोडतो. वर्षभरात हे साचत जातं. दुसऱ्या बाजूला क्वार्टरमधल्या बाईला वाटतं की नवरा महिन्यातले वीस दिवस बंदोबस्ताला, मुलांचं सगळं एकटीवर, आणि शेजारच्या बॅरेकमधली पोरं रात्री बारापर्यंत गाणी लावतात. दोघांचंही खरं असतं. हा लेख दोघांसाठी आहे, आणि ड्युटी लावणाऱ्यांसाठी जरा जास्त, कारण या भांडणाची किल्ली बऱ्याचदा त्यांच्याच हाती असते.

आधी एकटा म्हणजे कोण, ते पाहू. कॅम्पात ‘बॅचलर’ आणि ‘फॅमिलीवाले’ अशी सरळ विभागणी करतात, पण माणसं तीन प्रकारची असतात. एक, लग्न न झालेला, भरतीला दोन-चार वर्षं झालेला तरुण. दोन, क्वार्टरमध्ये किंवा जवळच्या गावात बायको-मुलांसह राहणारा. आणि तीन, लग्न झालेला, पण बायको-मुलं कोल्हापूर, बीड किंवा यवतमाळला आणि स्वतः इथे बॅरेकमध्ये. दरेकसा, बिजेपार, पिपरिया, भरनोली, गोठणगाव अशा सशस्त्र दूरक्षेत्रांवर, म्हणजे जंगलपट्ट्यातल्या पोलीस चौक्यांवर, हा तिसरा प्रकार फार असतो. त्याला कुणी मोजत नाही. रजेच्या वेळी तो फॅमिलीवाला ठरतो म्हणून पोरं चिडतात, आणि जेवण, धुणं, आजारपण यांत तो बॅचलरइतकाच एकटा असतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या कंपन्या तर महिनोन्‌महिने गटाच्या मुख्यालयापासून लांब असतात. गोंदियाच्या गट क्रमांक १५ चा जवान राज्यात दुसऱ्या टोकाला जातो आणि तिकडचे इकडे येतात. कंपनी बंदोबस्ताला गेली की तिथे सगळेच एकटे, आणि मागे लाइनीत उरतात फक्त बायका, मुलं आणि म्हातारे आईवडील. त्यामुळे आज जो ‘फॅमिलीवाला’ म्हणून रजा मागतो, तो पुढच्या महिन्यात ‘एकटा’ असू शकतो. ड्युटीचा तक्ता लावताना एवढं ध्यानात ठेवलं तरी बोलण्यातला अर्धा कडवटपणा कमी होतो.

हा ताण जगभरच्या छावण्यांत आहे. अमेरिकेच्या परदेशातल्या तळांवर, जर्मनीत, जपानमध्ये, दक्षिण कोरियात, कुटुंबवाल्यांना घरं, शाळा, दुकानं मिळतात आणि अविवाहित सैनिक बॅरेकमध्ये राहतात, तपासण्या सोसतात, सणावारी ड्युटी करतात. त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला कुणी नाही हे लक्षात आल्यावर अमेरिकी लष्कराने १९८९ मध्ये ‘बेटर ऑपॉर्च्युनिटीज फॉर सिंगल सोल्जर्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात एकट्या सैनिकांनी आपल्यातूनच प्रतिनिधी निवडायचा आणि त्याने राहणीमान, फावल्या वेळचे कार्यक्रम, समाजसेवा यांबद्दल थेट वरिष्ठांशी बोलायचं. आपल्याकडच्या इंग्रजी काळात उलट तऱ्हा होती. १८२१ मध्ये वसवलेल्या कामठीसारख्या छावण्यांत गोऱ्या पलटणींतल्या शंभरातल्या मोजक्याच शिपायांना बायको पलटणीबरोबर ठेवायची परवानगी मिळे. परवानगीशिवाय लग्न केलं तर बायकोला ना जागा, ना शिधा. तेव्हा सोसावं लागलं संसारवाल्यांना, पुढे त्या परदेशी तळांवर एकट्यांना. सोय करताना एकाचा विचार झाला आणि दुसरा विसरला गेला, की हे होतंच.

आता रजेकडे येऊ, कारण दहांतली आठ भांडणं तिथेच होतात.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी खात्यावर जमा होते. २०२२ साली राज्य सरकारने पोलीस शिपायापासून निरीक्षकापर्यंतची किरकोळ रजा १२ वरून २० दिवस केली. या दोन्ही रजांत लग्न झालेला आणि न झालेला असा भेद कुठेही नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या गरजेपुढे ती नाकारता येते, हेही नियमच सांगतात, आणि तेही दोघांना सारखंच लागू आहे. मातृत्व रजा किंवा बालसंगोपन रजा यांची गोष्ट वेगळी. त्या विशिष्ट गरजेसाठी नियमांनी दिलेल्या आहेत आणि त्या घेणाऱ्या सहकारी बाईकडे वाकड्या नजरेने पाहणं सरळ चूक आहे. मात्र तिच्या रजेमुळे पडलेली जागा भरण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. ती शेजारच्या पलंगावरच्या पोराच्या साप्ताहिक सुट्टीतून परस्पर भागवली की त्याचा राग चुकीच्या माणसावर, म्हणजे त्या बाईवर निघतो.

सारखी रजा म्हणजे न्याय, असंही समजू नका. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस एका दिवसाहून जास्त वेळ घेते. कागलच्या पोराला तीन दिवसांची किरकोळ रजा दिली तर त्याच्या हाती घरी काय उरतं? तेच तीन दिवस आमगावच्या किंवा गोरेगावच्या जवानाला भरपूर होतात, तो साप्ताहिक सुट्टीतही घरी जेवून येतो. म्हणून लांबच्या माणसाला कमी वेळा पण सलग रजा, आणि जवळच्याला थोडी थोडी पण वारंवार, असा हिशेब ठेवा. लांबच्याने साप्ताहिक सुट्ट्या साठवून रजेला जोडून मागितल्या आणि वरिष्ठांना ते शक्य असेल, तर त्याला हरकत घेऊ नका. त्यात कुणाचंही नुकसान नाही.

“तुला काय, तू एकटा! तुला कोण आहे घरी?” हे वाक्य मात्र कॅम्पातून हद्दपार व्हायला हवं. भंडारा-गोंदियाच्या पोराला घरी धानाच्या बांध्या असतात. पावसाने जोर धरला की रोवणा सुरू होतो आणि म्हाताऱ्या बापाला मजूर मिळत नाहीत. त्या आठ दिवसांत पोरगा गेला नाही तर पऱ्हे जागेवर वाढून जातात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा. कुणाची आई एकटी, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. आणि हो, त्याचं स्वतःचं लग्न! मुलगी पाहायला जायला दोन दिवस मिळत नाहीत म्हणून स्थळं निघून जातात, हे दूरक्षेत्रावर राहिलेल्या कुणालाही विचारा. ज्याचं लग्न व्हायचं आहे त्याला ‘लग्न नाही म्हणून’ रजा नाकारणं हा फार वाईट न्याय आहे. मंडईचंही तसंच. भाऊबीजेपासून या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटकं चालतात, लांब गेलेली माणसं गावात परत येतात. झाडीपट्टीतल्या तरुणाला त्या रात्री गावात असावंसं वाटणं ही चैन समजू नये.

सणांचा विचार करतानाही सगळे दिवाळीच धरून बसतात. कॅम्पात १४ ऑक्टोबरला किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीला जायचं असणारे आहेत, १४ एप्रिल गावी साजरी करू पाहणारे आहेत, ईदवाले आहेत, आणि माघ पौर्णिमेला कचारगडला जायची ओढ असणारे गोंड जवानही आहेत. दरेकशाजवळच्या त्या यात्रेत नेमका मोठा बंदोबस्त असतो, म्हणजे आपल्याच देवस्थानी त्याला काठी धरून उभं राहावं लागतं. त्यातल्या एखाद्याला घटकाभर दर्शनाला मोकळं करणं प्रभारी अधिकाऱ्याला जमण्यासारखं आहे.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो लिहूनच करावा लागतो. वर्षाची रजा पाच हंगामांत वाटा: रोवणा आणि पोळा, गणपती ते दसरा, दिवाळी आणि मंडई, लग्नसराई, आणि मुलांची उन्हाळी सुट्टी. प्रत्येकाने, लग्न झालेल्याने आणि न झालेल्यानेही, आपल्या पसंतीचे दोन हंगाम क्रमाने लिहून द्यायचे. ज्याने मागच्या वर्षी दिवाळी घेतली तो यंदा दिवाळीच्या यादीत शेवटी. ज्याला मागची दोन वर्षं मिळाली नाही तो पहिला. यादी हजेरीच्या जागी भिंतीवर लावायची, हजेरी मास्तरच्या वहीत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे शाळकरी मुलांच्या बापांना मे-जून हवा असतो. बहुतेक बॅचलरांना जुलै-ऑगस्ट किंवा नोव्हेंबर चालतो. कागदावर आलं की दिसतं, मागण्या वाटतात तितक्या एकमेकांवर आदळत नाहीत. खरी टक्कर दिवाळीच्या चार-पाच दिवसांचीच असते. ते दिवस दोन तुकड्यांत तोडा, लक्ष्मीपूजनापर्यंत एक आणि पाडवा-भाऊबीजेला दुसरी.

ड्युटीची अदलाबदल होणारच, व्हायलाही हवी. पण ती तोंडी ठेवू नका. कुणी कुणाची कोणती ड्युटी केली आणि ती कधी परत करायची, हे दोघांच्या सहीने एका वहीत लिहा. बॅचलर पोरांना माझं खास सांगणं आहे: पहिल्यांदा मदत करताना मोठ्या मनाने करा, पण दुसऱ्यांदा त्याच माणसाने मागितल्यावर “दादा, माझी मागची नाइट कधी फेडता?” असं हसत विचारायला लाजू नका. वर्षभर गप्प राहून एका दिवशी हजेरीत सगळ्यांसमोर फुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि फॅमिलीवाल्यांनो, घरचं कारण खोटं सांगून सुट्टी घेऊ नका. छोट्या कॅम्पात ते लपत नाही, आणि एकदा कळलं की पुढे तुमच्या मुलीला खरंच ताप आला तरी कुणाचा विश्वास बसत नाही.

राहण्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. क्वार्टर कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे बॅचलरला घर मिळत नाही. तो गोंदिया शहरात खोली शोधतो तर “फॅमिलीलाच देतो” असं उत्तर मिळतं. मग एका खोलीत तिघं-चौघं. रात्रपाळी करून आलेला सकाळी दहाला झोपतो तेव्हा बाहेर मुलांचं क्रिकेट सुरू होतं, आणि रात्री आठला मोकळा झाल्यावर तो गाणी लावतो तेव्हा शेजारचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं. दोन्हीकडे कुणी वाईट नाही. रात्री दहानंतर आवाज नाही, आणि सकाळी दहा ते दुपारी दोन नाइटवाल्यांच्या खिडक्यांसमोर खेळ नाही, असे दोन साधे नियम दोन्ही बाजूंनी एकत्र बसून ठरवले तर पाळले जातात. वरून हुकूम आला की त्यातून वाटा शोधल्या जातात. पाण्याचा टँकर, कपडे वाळत घालायची जागा, गाड्या लावायची जागा, हेही त्याच बैठकीत मिटवा.

बायकांना बॅरेकसमोरून जाताना अवघड वाटतं, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. पोरांनो, उघड्या अंगाने नळावर उभं राहणं, गटाने बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत राहणं तुम्हाला साधं वाटत असेल, समोरच्या बाईला ते साधं वाटत नाही. तेवढी सवय बदला. आणि कुटुंबांनो, बॅरेकमधला प्रत्येक मुलगा संशयितच, असं मुलींना शिकवू नका. त्यालाही घरी बहीण आहे. पण नजर, शेरा, पाठलाग, स्पर्श, फोनवरचे मेसेज, असं काही झालं तर तो शेजाऱ्यांतला ताण उरत नाही, तो गुन्हा आहे. ‘कॅम्पाचं नाव जाईल’ म्हणून तो मिटवायला बसू नका. कामाच्या ठिकाणचं असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. कुटुंबातली बाई ११२ वर किंवा महिलांच्या १८१ या हेल्पलाइनवर फोन करू शकते.

आता सांगतो ते काही वहिनींना रुचणार नाही. बॅरेकमधला पोरगा तुमच्या घरचा गडी नाही. सिलेंडर आणून दे, मुलाला शाळेत सोड, बाजारातून येताना भाजी आण, हे आपुलकीने एकदोनदा ठीक. पण साहेबांच्या किंवा हवालदारांच्या घरून रोज निरोप येऊ लागला की नवा शिपाई नाही म्हणू शकत नाही, आणि ती आपुलकी राहत नाही. काम सांगायचंच असेल तर आधी “वेळ आहे का भाऊ?” विचारा, पैसे आधी द्या, आणि बदल्यात सणाला ताटभर जेवण एवढ्यावर हिशेब पुरा झाला असं मानू नका. दिवाळीत बॅरेकला फराळ जरूर पाठवा. मात्र तो फराळ ड्युटीच्या बदल्यात आहे, असं पोरांना वाटू देऊ नका.

वर्गणीचा मुद्दा लहान वाटतो, पण फार बोचतो. गणपतीला नोकरीतल्या प्रत्येकाकडून सारखी वर्गणी, आणि महाप्रसादाला एका घरातून पाच माणसं, बॅरेकमधून एक. वर्गणी घराप्रमाणे किंवा पगाराच्या श्रेणीप्रमाणे ठेवा, किंवा बॅचलरांना त्यांचे आईवडील, भाऊ बोलावू द्या. बोदलकसाच्या सहलीलाही हाच नियम लावता येईल. दोन रविवारी दोन गाड्या करा, दोन्हींत कुटुंबं आणि एकटे मिळून, आणि दोन्ही दिवसांचा गार्ड दोन्हीकडून अर्धा अर्धा. ज्याला आई आणायची आहे त्याने आणावी. पोरांना स्वयंपाकाचं काम द्याच, पण भांडी घासायचं काम त्यांच्यावर सोडून पत्ते खेळत बसू नका. जंगल जवळ आहे, तेव्हा स्पीकर नको, आणि प्लास्टिक परत आणायचं. पाण्याच्या काठावर लहान मुलांकडे लक्ष द्यायला दोन माणसं आधी नेमून ठेवा.

आजारपणात बॅरेक आणि क्वार्टरमधला फरक उघडा पडतो. जंगलपट्ट्यात मलेरिया नवा नाही. क्वार्टरमधला तापाने पडला तर बायको पाणी देते. बॅरेकमधला पडला तर जोडीदार ड्युटीवर गेल्यावर तो सहा-सात तास एकटा थरथरत पडून असतो. प्रत्येक एकट्या जवानामागे एका कुटुंबाचं नाव आधीच ठरवून ठेवा. आजारी पडला तर त्या घरातून दोन वेळ पेज किंवा खिचडी जाईल, आणि त्याच्या गावच्या घरचा फोन नंबर त्या घराकडे असेल. असं कुटुंब असलेला मुलगा त्या घराची नाइट न सांगता करतो, हेही पाहायला मिळतं. मनाच्या दुखण्याकडे तर आणखी लक्ष हवं. जो अचानक मेसला येईनासा झाला, रजेवरून परत आल्यापासून बोलतच नाही, दारू वाढली, झोप उडाली, त्याला ‘पोरीची भानगड असेल’ म्हणून सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. कंपनीच्या अधिकाऱ्याला गुपचूप सांगून त्या माणसाला काही दिवस हत्याराविना ड्युटी द्यायला सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. त्याने जीव वाचू शकतो.

महिला शिपायांचं वेगळं बोललं पाहिजे. पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे आता लांबच्या ठाण्यांवरही एकट्या मुली येतात. त्यांची अडचण दुहेरी आहे. बॅरेकच्या पोरांच्या टोळीत त्या बसत नाहीत, आणि क्वार्टरमधल्या बायका त्यांना ‘आपल्यातली’ मानून मुलं सांभाळायला देतात किंवा ‘एकटी राहते’ म्हणून दूर ठेवतात. तिच्या येण्याजाण्याची, तिला कोण भेटायला आलं याची नोंद ठेवायचा अधिकार शेजाऱ्यांना नाही. स्वच्छतागृह आणि दाराला आतून कडी असलेली खोली, या दोन गोष्टी तिने मागायच्या आधी तयार असाव्यात. ड्युटी लावताना ‘मुलगी आहे म्हणून नाइट नको’ आणि मग ‘नाइट नाही म्हणून सगळे सण तिच्याकडे’, हा व्यवहार बंद करा. तिला विचारा.

एकट्यांचा एक प्रतिनिधी आणि कुटुंबांतली एक बाई, अशा दोघांना दर महिन्याच्या बैठकीत प्रभारी अधिकाऱ्यासमोर बोलू द्या. प्रतिनिधी एकट्यांनी निवडावा, साहेबांनी नाही. पहिल्या बैठकीत फार मोठं काही काढू नका. हंगामांच्या पसंतीचे कागद गोळा करा, मागच्या वर्षी दिवाळीत कोण कॅम्पात होते त्यांची नावं ड्युटीच्या नोंदीतून काढा, आणि पोळ्याच्या आठवड्यात यंदाची दिवाळीची यादी भिंतीवर लावा, म्हणजे कोल्हापूरकडच्या पोरांना महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट वेळेत काढता येईल.